राबाचा पाला

माघ संपत आला की आमच्या पिंपळे सौदागरच्या सोसायटीत खराट्याचा आवाज लांबतो. एरवी सकाळचा चहा होईपर्यंत थांबणारा हा आवाज या दिवसांत पेपर वाचून झाला तरी चालूच असतो. आतल्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना महोगनी आहे. सगळी झाडं एका वयाची, एकाच रोपवाटिकेतून एकाच टेम्पोनं आलेली असावीत. त्यांची पानं आधी तांबूस होतात आणि मग सगळी मिळून ठरवल्यासारखी उतरतात. पाठोपाठ फळं उकलतात. त्यांच्या लाकडी खपल्या उभ्या गाड्यांच्या टपावर आपटतात आणि दुपारच्या शांततेत वरच्या मजल्यावरून कुणीतरी खाली डोकावून बघतं. फाटकाजवळच्या बदामाची पानं मोठी, लाल, जाड. ती पडताना ऐकू येतात. मागच्या देवळाच्या पिंपळाची पानं मात्र पडतात एकीकडे आणि सापडतात भलतीकडे. लिफ्टमध्ये, चपलांच्या कपाटात, एकदा तर वाळत घातलेल्या पापडांवर.

झाडलेला पाला पंपघराच्या भिंतीला गोण्यांमध्ये भरून ठेवलेला असतो. पूर्वी तो कोपऱ्यातल्या मोकळ्या जागेत पेटवत. धूर वर चढला की खिडक्या लागत, आणि संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर भांडण होई. मी वर्तमानपत्रात काम करायचो तेव्हा या दिवसांतली एक बातमी ठरलेली असे: मोकळ्या भूखंडावर पाल्याला आग, अग्निशमन दलानं आटोक्यात आणली, जीवितहानी नाही. तीन ओळींत बसायची. पाला कुठून आला आणि त्याचं एरवी काय झालं असतं, हे लिहायची पद्धत नव्हती.

आता आमचा पाला महाळुंग्याला जातो. तिथं माझी धाकटी बहीण उज्ज्वला राहते. ती आणि तिचा नवरा दत्ता मिळून सासरची थोडी जमीन कसतात. दरवर्षी गोण्या चढवताना मला एकच पानगळ आठवते, त्यांनी शेती हातात घेतल्यानंतरची दुसरी.

ती जमीन इंद्रायणीकडे उतरत जाणाऱ्या बाजूला आहे. एका अंगाला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीची भिंत, दुसऱ्या अंगाला गोदाम, समोर रस्ता आणि रस्त्यावर आत जाण्याची वाट बघणाऱ्या कंटेनरची रांग. वरचा भाग मुरमाड आणि हलका. खाली ओढ्याकडे जाताना माती काळी होत जाते, आणि अगदी तळाला भाताचं एक खाचर आहे. त्या वेळी त्यात भात नव्हता. कित्येक वर्षांत नव्हता. बांध शिल्लक होते म्हणून खाचर म्हणायचं.

या पट्ट्यात जमिनीचं ठरलं की आधी मुरूम येतो. डंपर येऊन ओतून जातात, रोलर फिरतो, आणि जिथं उंचसखल होतं तिथं ताटासारखं सपाट होतं. ‘लेव्हल झालं’ असं म्हणतात. मग काही दिवस तिथं क्रिकेट चालतं. मग खांब उभे राहतात, पत्रे चढतात. मुरमाच्या खाली जी माती राहिली तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. ती तिथंच असते, फक्त तिच्यावर पुन्हा पाऊस पडत नाही.

उज्ज्वला आणि दत्ता लग्नानंतर भोसरीत भाड्याच्या खोलीत राहत होते. तिथून ते या जमिनीवर आले. शेतीसाठी नोकरी सोडली असं सांगण्याजोगी गोष्ट त्यांच्याकडे नाही. दत्ता तेव्हाही कंपनीत शिफ्टला जायचा, अजूनही जातो. त्यांनी दोन खोल्या बांधल्या. गावात जुनी घरं पाडून तीन मजली उठत होती, त्यांची कौलं आणि दारं उचलून आणली. न्हाणीचं पाणी मागच्या केळीच्या आळ्यात जातं. चूल आहे, गॅसही आहे, फ्रिज नाही. कुणी त्याबद्दल विचारलं तर उज्ज्वला म्हणते, “फ्रिज नाही म्हणून उपास पडत नाही. शिळं उरत नाही एवढंच.” तिच्याकडे जेवण म्हणजे चाकवताची पातळ भाजी, बाजरीची भाकरी आणि ओल्या हळदीचं लोणचं. भाजी तोडायला ती भाकरी तव्यावर टाकून जाते आणि भाकरी फुगायच्या आत परत येते.

पर्माकल्चर हा शब्द तिनं एका शिबिरात ऐकला. घरी आल्यावर तिनं तो फार वापरला नाही. तिनं केलं ते असं: उताराला आडवे समतल चर काढले, म्हणजे पावसाचं पाणी पळणार नाही, थांबून मुरेल. पावसाळ्यात वरच्या मुरमाडात फणस, जांभूळ, आवळा, सीताफळ लावलं, आणि मधे मधे शेवरी, पोरांना सावली द्यायला मोठी माणसं उभी राहतात तशी. कंपन्यांच्या मागच्या दाराला पुठ्ठ्याची खोकी पडलेली असतात. ती आणून, त्यांची चिकटपट्टी आणि पिना काढून, तिनं ती गवतावर अंथरली. शेजारच्या गोदामाचा वॉचमन रोज विचारायचा, “ताई, उद्या यातून इंजिन उगवणार का?” ती म्हणायची, “उगवलं तर पहिलं तुला.”

पुठ्ठ्यावर पाला हवा. झाडांच्या बुंध्याशी पाला हवा. सगळीकडे पाला हवा. उघडी माती तिला उघड्या जखमेसारखी वाटते, असं ती एकदा म्हणाली. पाल्यासाठी तिनं मला फोन केला, मी सोसायटीच्या चेअरमनशी बोललो, आणि चेअरमनला त्याच सकाळी धुरावरून कुणीतरी बोललेलं असल्यामुळे गोष्ट लगेच जमली.

तिचे सासरे तात्या तेव्हा थोरल्या मुलाकडे, अण्णांकडे, गावातल्या नव्या घरात राहत. दिवसा ते फाट्यावरच्या बाकावर बसत. धोतर, टोपी, हातात काठी, समोर कंटेनर. पाल्याच्या गोण्यांनी भरलेला टेम्पो तिथूनच जायचा, आणि बाकावरच्या म्हाताऱ्यांना तेवढीच करमणूक.

“तात्या, सुनेनं म्हापालिकेचं टेंडर घेतलं व्हय?”

“घेतलंय. तुझ्या दारातलं पन उचलायला सांगू का?”

तात्या उत्तर द्यायचे, पण त्यांना ते लागत असे. मुलानं शेती करावी यात त्यांना आनंद होता; ती अशी करावी यात नव्हता. त्यांच्या लेखी वावर म्हणजे नांगरलेलं, साफ, एक काडी पडलेली नसलेलं. उज्ज्वलाच्या वावरात शेवग्याखाली भोपळा, भोपळ्यात झेंडू, झेंडूत अंबाडी, आणि सगळ्याच्या बुडाशी पुठ्ठे. ते एकदा बांधावर उभे राहून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “यात पीक कंचं आनि गबाळ कंचं?”

“तात्या, जे खाता येतं ते पीक,” उज्ज्वला म्हणाली.

“आनि जे खाता येत न्हाई ते?”

“ते मातीला खायला.”

तात्या हसले.

जमीन तात्यांच्या नावावर होती. त्या हिवाळ्यात अण्णांनी प्रस्ताव आणला होता: जमीन लेव्हल करून कंटेनर लावायला द्यायची. अण्णा वाईट माणूस नाही. तात्यांचं डोळ्याचं ऑपरेशन त्यांनी करवून घेतलं, दत्ताच्या लग्नात तेच पुढे होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं. चहूबाजूंनी कंपन्या असताना मधेच एक हिरवा तुकडा ठेवून आपण कुणाला काय दाखवतोय? उज्ज्वलानं आणखी एक वर्ष मागितलं. तात्यांनी दोघांचंही ऐकून घेतलं. “पाडव्याला सांगतो,” एवढंच म्हणाले. त्यांचा कल अण्णांकडे होता हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांना लपवताही येत नव्हतं.

उज्ज्वलानं तेव्हा वाद घातला नाही. तिनं एक ठरवलं. फाल्गुनात आजूबाजूचं सगळं रान उघडं पडून तडकलेलं असताना तात्यांना वरच्या मुरमाडात आणायचं, एखाद्या फणसाच्या बुंध्याशी बसवायचं, आणि त्यांच्याच हातानं पाला बाजूला करायला लावायचा. खालची माती ओली असेल. कुळवानं नाही, पाटाच्या पाण्यानं नाही, नुसत्या पाल्यानं. बोलून पटणार नव्हतं ते हाताला पटेल, असा तिचा हिशेब होता. शिवाय झाडांचा तो पहिलाच उन्हाळा. विहीर होळीनंतर तळ गाठते. जाड आच्छादन मिळालं तर रोपं तगणार होती, नाहीतर नाही.

म्हणून त्या पानगळीत ती पाल्याच्या मागे लागली. कोरडा पाला नुसता पसरला तर फाल्गुनातलं वारं तो उचलून रस्त्यावर नेतं. म्हणून आधी एका जागी ढीग करायचा, शेवटची खेप आली की सगळा शेणकाल्यानं भिजवायचा, जड झाला की मग पसरायचा. पाणी ओढ्याच्या डबक्यात होतं, तेव्हा ढीग खाली, जुन्या खाचराच्या कडेला, निरगुडीच्या आडोशाला लावला. आठवड्यामागून आठवडा तो वाढत गेला. मी सुट्टीच्या दिवशी जायचो. जवळ उभं राहिलं की कोरडा, थोडा चहाच्या पत्तीसारखा वास यायचा. हात आत घातला तर आतून ऊब लागायची. महोगनी, बदाम, करंज, पिंपळ. शहरातल्या सगळ्या सोसायट्यांची झाडं तिथं एकत्र झाली होती, आणि मधूनच एखादं आइस्क्रीमचं कागदी झाकण.

शेवटच्या खेपेला उज्ज्वला स्वतः टेम्पोबरोबर पिंपळे सौदागरला आली. परत जाताना मीही बसलो. ड्रायव्हर, ती आणि मी, मागे गोण्या. भोसरीच्या पुढे नाशिक रस्त्याला गाड्या तुंबल्या होत्या. ती खुशीत होती. एरवी कमी बोलणारी. त्या दिवशी ड्रायव्हरला शेणकाला कसा करतात ते समजावून सांगत होती आणि तोही मन लावून ऐकत होता. चाकणच्या अलीकडे वळल्यावर दूर एक धूर दिसला. पातळ, निळसर, जमिनीला धरून चाललेला. त्या भागात धूर दिसला म्हणून कुणी दचकत नाही. पण काच उघडी होती, आणि वळणावर वास आत आला.

“हा कंपनीचा वास नाही,” उज्ज्वला म्हणाली. तिनं काच पूर्ण खाली केली.

ज्यांना भाताचं रान माहीत नाही त्यांच्यासाठी इथं थोडं सांगितलं पाहिजे. मावळात पावसाआधी भाताच्या रोपाची जागा भाजतात. तिला राब म्हणतात. खाली शेण पसरायचं, त्यावर झाडांचा पाला, त्यावर गवत, आणि वरून बारीक माती भुरभुरायची, म्हणजे जाळ उसळत नाही, धुमसत राहतो. पेटवायचं वाऱ्याच्या उलट अंगानं. तणाचं बी मरतं, राख मातीत बसते, आणि मृगात त्यावर भात टाकतात. पाला गोळा करणं हे त्या कामातलं सगळ्यात कष्टाचं. बायका-पोरं डोंगरातून भारे आणत. गावात ज्याच्या खाचराच्या कडेला मोठा ढीग, तो घरचा भरलेला माणूस.

तात्यांनी खाचराच्या कडेला ढीग पाहिला होता.

आम्ही खाली पोचलो तेव्हा ते धोतर वर खोचून, डोक्याला उपरणं गुंडाळून, हातात निरगुडीची ओली फांदी घेऊन राबाच्या कडेनं फिरत होते. जाळ कुठे बांधाकडे सरकला की फांदी मारत होते. चारही बाजूंनी त्यांनी गवत काढून पट्टा मोकळा केलेला होता. शेण शेजारच्या गोठ्यातून आणलं होतं. सगळा ढीग एकट्यानं टोपलीनं पसरला होता. चेहरा काळा झालेला, आणि त्या काळ्यात एक आनंद, जो मी त्यांच्या चेहऱ्यावर आधी कधी पाहिलेला नव्हता.

“आलीस?” ते म्हणाले. “ये. बघ. कसा भाजलाय.”

उज्ज्वला बांधावर बसली. काठावर न जळलेली काही पानं राहिली होती. त्यातलं एक तिनं उचललं आणि हातात धरून ठेवलं. वर टेम्पोजवळून ड्रायव्हरनं हाक मारली, “ताई, गोण्या कुठं उतरवू?” थोड्या वेळानं त्यानं पुन्हा विचारलं, जरा हळू.

तात्यांना काहीतरी चुकल्याचं कळलं ते दत्ता शिफ्टवरून आल्यावर.

“तात्या, हे काय केलंत?”

“काय केलं? राब भाजला.”

“तो पाला झाडांसाठी होता. तिनं महिनाभर गोळा केला. उन्हाळ्यासाठी.”

“झाडास्नी?” तात्यांनी ढीग होता त्या जागेकडे पाहिलं. “एवढा पाला झाडास्नी? मला वाटलं खाचराच्या कडंला लावलाय, आडोशाला लावलाय, म्हंजी राबाचाच. म्हटलं पोरीला एकटीला व्हायचं न्हाई. म्हटलं आपन भाजून ठिवू.”

“विचारायचं तरी.”

“राब भाजाया इचारत्यात व्हय कुनी?”

दत्ता आणखी बोलणार होता. उज्ज्वलानं त्याला हातानं थांबवलं. ती अजून बांधावरच बसलेली होती. तिनं विचारलं, “तात्या, भाजून झाल्यावर पुढं काय करायचं असतं?”

तात्यांना हा प्रश्न सोपा वाटला. ते उत्साहानं सांगू लागले. “आता काय न्हाई. राख बसू द्यायची. गुरं फिरकू द्यायची न्हाईत. वारं लई सुटलं तर वरनं माती टाकायची. मिरगाच्या तोंडावर वखरायचं आनि बी फेकायचं.”

“आणि पाडव्याला जमीन अण्णांना दिली तर?”

तात्या वळले आणि जिथं आधीच विझलं होतं तिथं फांदी मारत राहिले.

पाडव्याचं जेवण अण्णांकडे होतं. मलाही बोलावणं होतं. गच्चीत गुढी, खाली कडुनिंब आणि गूळ, आत टेबलावर श्रीखंड. अण्णा आग्रहाचे पक्के. “पाव्हणं, लाजू नका, घ्या,” असं म्हणत त्यांनी माझं ताट दोनदा भरलं. जेवण झाल्यावर त्यांनी विषय काढला, सावकाश, सगळ्यांदेखत. जमीन घेऊ म्हणणारी पार्टी संध्याकाळी येणार होती. तात्यांनी हात पुसले.

“आवंदा न्हाई,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“राब भाजलाय. भाजल्या राबात पेरल्याबिगर ऱ्हात न्हाईत.”

“तात्या, अहो मूठभर राखेसाठी सगळं अडवून धरणार?”

“तू तवा हॉस्टेलला व्हतास. तुला ठावं न्हाई.” तात्यांनी काठी शोधली. “राब भाजला म्हंजी रानाला शबुद दिला. आता त्यावं मुरूम वतायचा? आमी न्हाई केलं कधी असलं. पुढल्या साली बघू.”

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मी काही तरी समजुतीचं बोलेन. उज्ज्वला ताटं उचलत होती. तिच्या चेहऱ्यावरून काहीच कळत नव्हतं. घरी जाताना गाडीत मी म्हणालो, “वाचलं.” ती म्हणाली, “जमीन वाचली. झाडं जातील, दादा.”

झाडं गेली. सगळी नाही, आवळा आणि सीताफळ तग धरून राहिलं, शेवरीला काही झालं नाही. फणस वैशाखात वाळला, त्याच्यामागून जांभळं. तिनं शेवटच्या खेपेच्या गोण्या पुरवून पुरवून वापरल्या, गवत कापून आणलं, पुठ्ठे दुहेरी अंथरले, उन्हं उतरल्यावर कळशीनं पाणी घातलं. विहिरीनं तळ दाखवला तेव्हा कळशी बुडेना. त्या महिन्यात ती तात्यांशी कामापुरतंच बोलत होती. तात्या रोज येत. वरच्या मुरमाडातून जाताना वाळलेल्या फणसापाशी थांबत, त्याची एखादी काडी मोडून बघत, आत कुठे हिरवं आहे का. मग खाली खाचराशी जाऊन बसत.

मृगात त्यांनी बी टाकलं. भात आला, मध्यम आला. बऱ्याच वर्षांनी खाचर भरलं होतं, बांध दोन ठिकाणी फुटला, त्यांनी तो चिखलात उतरून घातला. ‘जुन्या माणसाचं खरं ठरलं’ असं म्हणण्यासारखं काही घडलं नाही. तसंच ‘नव्या माणसांचं खरं ठरलं’ असंही नाही. फणसाच्या जागी फणस पुन्हा लावावा लागला.

मला त्या पानगळीचा विचार करताना पाल्याचा विचार येतो. पान झाडावरून उतरलं की ते मातीत जाणार हे नक्की. दोन रस्ते आहेत. एक कुजण्याचा. त्याला वेळ लागतो, ओल लागते, आणि त्या काळात कुणी हलवू नये असं लागतं. दुसरा जळण्याचा. तो एका दुपारचा आहे. उज्ज्वलाची सगळी शेती पहिल्या रस्त्यावर विश्वास ठेवून उभी आहे. पण कुजण्यासाठी जो वेळ लागतो तो मिळवायचा कुठून, हा प्रश्न त्या पट्ट्यात मातीला एकटीनं सोडवता येत नाही. वरून कुणीतरी थांब म्हणावं लागतं. त्या वर्षी ते जळण्यानं म्हटलं.

पुढच्या माघात गोण्या उतरल्या तेव्हा तिनं दोन ढीग केले. मोठा वर, झाडांजवळ. लहान खाली, खाचराच्या कडेला. मी विचारलं तर म्हणाली, “तो तात्यांचा.” एवढंच. त्याही वर्षी अण्णांनी पाडव्याच्या आधी विषय काढला, आणि त्याही वर्षी तात्या म्हणाले की राब भाजलाय. हे असंच चालत राहिलं. तात्यांना हे कळत होतं का, की सून दरवर्षी त्यांच्या हातात एक उत्तर ठेवते आहे? कळत असावं. ते पाडवा जवळ आला की स्वतःच विचारत, “पाला आला का गं?”

रविवारी शेत बघायला लोक येतात. हिंजवडीतली पोरं-पोरी असतात, पाण्याच्या बाटल्या घेऊन, चरांचे फोटो काढत. त्यांना खालची काळी जागा दिसते. एका मुलीनं एकदा स्पष्ट विचारलं, “पण ताई, पाला जाळणं हे या सगळ्याच्या विरुद्ध नाही का?”

“आहे,” उज्ज्वला म्हणाली, आणि तिला केळीचं आळं दाखवायला घेऊन गेली.

तात्या गेल्या दिवाळीनंतर गेले. काही दुखणं नव्हतं. दुपारी जेवून पडले ते उठले नाहीत. जमीन आता दोघा भावांची आहे. शब्द देणारा माणूस राहिलेला नाही, आणि त्याचा शब्द मोडताना संकोच वाटावा असंही कुणी राहिलेलं नाही. दिवस झाल्यावर अण्णा दत्ताला एवढंच म्हणाले, “पाडव्याला बसू.” दत्ता हो म्हणाला. दुसरं काय म्हणणार? उज्ज्वलाचा मला फोन आला तो माघाच्या अखेरीस. महोगनी उतरायला लागली होती.

“दादा, या वेळी थोडा जास्त पाठव,” ती म्हणाली. “राबाला वेगळा लागेल.”

“कोण भाजणार?”

तिकडून कुठल्यातरी कंपनीचा भोंगा ऐकू आला, शिफ्ट सुटल्याचा.

परवा मी गेलो होतो. वरच्या मुरमाडात आता आच्छादन हाताच्या पंज्याएवढं जाड आहे, चालताना पाय दबतो. दुसऱ्यांदा लावलेला फणस माझ्या उंचीच्या वर गेला आहे. खाली उज्ज्वला साडी खोचून राब लावत होती. शेण, पाला, गवत, माती. माती ती चाळणीनं टाकत होती, पिठासारखी. दत्तानं कडेचं गवत काढलं. वारं कुठून आहे ते बघायला तिनं थोडी राख वर उडवली, उलट अंगाला जाऊन बसली आणि पेटवलं. पहिल्यांदा नुसताच धूर आला. मग आतून बारीक तडतड सुरू झाली.

बरंच भाजून झालं होतं तेव्हा वर रस्त्यावर अण्णांची पांढरी गाडी थांबली. ते उतरून खाली आले. नाकाला रुमाल होता. पायात ऑफिसचे बूट, त्यामुळे चरांवरून उतरताना त्यांना जपावं लागत होतं. दत्ता उभा राहिला. उज्ज्वला बसल्या जागीच फांदी मारत होती.

“कुणी भाजला?” अण्णांनी विचारलं.

“मी.”

“तुला येतो?”

“बघत होते ना इतकी वर्षं.”

अण्णांनी रुमाल खिशात ठेवला. ते राबाच्या कडेनं एक फेरी घालून आले. एका ठिकाणी वाकले, बोटानं वरची माती उकरून बघितली, बोट भाजलं असावं, झटकलं. धूर त्यांच्या अंगावरून गेला तेव्हा ते बाजूला झाले नाहीत. पाडव्याचं कुणी काढलं नाही. दत्तानं पाण्याचा तांब्या पुढे केला, तो त्यांनी घेतला आणि उभ्यानंच प्यायले.

“बी कुठलं टाकणार?” तांब्या परत देताना त्यांनी विचारलं.

“तात्यांचंच आहे,” उज्ज्वला म्हणाली. “कणगीत राखेत ठेवलंय.”

“ते उंच जातं. पाणी साचून राहिलं तर लोळतं.” अण्णा ओढ्याच्या बाजूला बघत होते. तिथं खाचराचा बांध मागच्या पावसात खचलेला होता. “तो तेवढा मिरगाच्या आधी घालून घ्या.”

मग ते आले तसे चरांवरून जपून वर गेले. उज्ज्वलानं चाळणीत माती घेतली आणि जिथं ठिणग्या दिसत होत्या तिथं वरून भुरभुरली.